कमी भाराचा सूर

मामांच्या खोलीतल्या फडताळात एक खण रिकामा होता. तेवीस सेंटिमीटर रुंद, नऊ उंच, एकवीस खोल. तिथे पूर्वी रेडिओ असे. तो बिघडला तेव्हा मामींनी कोणाला न विचारता देऊन टाकला. तेव्हापासून दोन्ही बाजूंना मिळून तीनशे बारा कॅसेटी आणि मधोमध हे भोक, असं ते फडताळ पुढचा दात पडलेल्या तोंडासारखं दिसे.

"संगणक हवा, पण त्या भोकात मावेल एवढाच," मामा म्हणाले होते. "टेबलावर नको, टेबलाखाली तर मुळीच नको. मामीला झाडता येत नाही."

"मामीला झाडता येत नाही असं मामी म्हणाली का?" मामींनी आतून विचारलं. या घरातल्या कोणत्याही खोलीतलं बोलणं त्यांना कोणत्याही खोलीतून ऐकू येई. बाकी काही ऐकू येवो न येवो.

भाचीने खण मोजला. दोनदा सरळ, तिसऱ्यांदा कोपऱ्यातून कोपऱ्यात, कारण फडताळं क्वचितच काटकोनात असतात. हेही नव्हतं. मोजणं हाच तिचा पेशा होता. एका प्रयोगशाळेत ती लोकांची उपकरणं तपासायची: तराजू, दाबमापक, तापमापक, आवाज मोजणारी यंत्रं. यंत्र खरं बोलत असेल तर ती तसा दाखला देई, खोटं बोलत असेल तर किती खोटं बोलतं तेही लिहून देई. नवव्या वर्षी मामांच्याच जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या इंचाने उंच असल्याचं तिने सिद्ध केलं होतं. त्या दिवसापासून मामा तिला मोजपट्टी म्हणत. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती आणि अजूनही मोजपट्टीच होती.

मामांनी एक्केचाळीस वर्षं पियानो सुरात लावले. शाळांचे, सभागृहांचे, हौशी माणसांच्या दिवाणखान्यांतले. प्रत्येक पियानो ते हात लावण्याआधी एकदा आणि काम झाल्यावर एकदा रेकॉर्ड करून ठेवत. त्याच या तीनशे बारा कॅसेटी. मागच्या वर्षी एका तापानंतर त्यांच्या कानात बारीक, न थांबणारा सूर वाजू लागला. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाहेर काही वाजत नाही, तो आवाज कानातलाच आहे, वयाने होतं, सवय करून घ्या. मामांनी घरी येऊन हत्यारांची गुंडाळी कपाटावर ठेवून दिली आणि त्यानंतर वर्षभर तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

आणि मग संगीत शाळेच्या बाईंचा फोन आला. परीक्षा तोंडावर, सात पियानो बेसूर, सूर लावणारा दुसरा माणूस गाव सोडून गेलेला. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत हो की नाही तेवढं कळवा.

"आधी माझ्या जुन्या कॅसेटी संगणकात भरून ऐकतो," मामांनी भाचीला सांगितलं होतं. "त्यांत मला तेव्हा जे ऐकू यायचं ते आताही येतंय का बघतो. आलं तर शाळेला हो म्हणेन. नाही आलं तर हत्यारं शाळेला देऊन टाकतो, जो कोणी नवा येईल त्याला उपयोगी पडतील. पण ऐकायचं तर खोली शांत हवी. तुझं यंत्र घरघरलं तर कसं ठरवणार?"

म्हणजे संगणक लहान हवा होता आणि गप्प हवा होता. लहान करणं सोपं होतं. गप्प करणं पॉवर सप्लायवर अडलं.

दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकार मांडले. पहिला नेहमीचा चौकोनी. तो खणात मावला असता, पण मग संगणक बाहेर राहिला असता. दुसरा लांबट आणि अरुंद, पेन्सिलींच्या पेटीसारखा. त्याच्या टोकाला अंगठ्याएवढा पंखा होता. दुकानदाराने तो लावून दाखवला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. तिसरा म्हणजे तळहातापेक्षा लहान एक पट्टी, जी संगणकाच्या डब्यात बसते, आणि तिला वीज देणारा अडॅप्टर, जो वायरीच्या टोकाला बाहेर पडून राहतो. पंखाच नाही.

"हा," ती म्हणाली. "एकशे साठ वॅटचा."

"ताई, तुमच्या यादीवरून तर पंचाहत्तरच्या वर जाणार नाही मशीन. नव्वदचा पुरे."

"नव्वद म्हणजे काठोकाठ."

"काठोकाठ कसलं, सांडायला काय आहे तुमच्याकडे? गेम खेळणार आहात?"

"कॅसेटी ऐकणार आहोत."

दुकानदाराने तिच्याकडे एकदा आणि एकशे साठच्या अडॅप्टरकडे एकदा पाहिलं. "कॅसेटी," तो म्हणाला आणि खोका बांधायला घेतला.

तिच्या कामात मोजायच्या गोष्टीच्या दुप्पट पल्ल्याचं उपकरण घ्यायची पद्धत होती. ओढाताण नको, गरम व्हायला नको, वर्षानुवर्षं चालावं. ही पद्धत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण अठरा वर्षांत ती तिच्या हातात मुरली होती. संगणक जोडून झाल्यावर तिने तो प्रयोगशाळेत नेला, ध्वनिरोधक खोलीत ठेवला, त्याच्यावर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम दोन तास चालवला आणि एक मीटरवर माइक ठेवून आवाज मोजला. रिकाम्या खोलीत जेवढा आवाज होता तेवढाच भरला. म्हणजे शून्य. सगळा जोर लावून जे वाजत नाही ते बसल्या जागी कशाला वाजेल, असं तिने गृहीत धरलं. तिने ते गृहीत धरलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. चुका बहुतेक अशाच होतात.

संगणक खणात अगदी घट्ट बसला. अडॅप्टर फडताळामागे गेला. मामांनी त्याला टेपरेकॉर्डर जोडून पहिली कॅसेट लावली.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मोजपट्टी, हा वाजतो."

"काय वाजतं?"

"बारीक शिट्टी. पियानोच्या शेवटच्या पट्टीनंतर आणखी दोन पांढऱ्या पट्ट्या असत्या तर दुसरीवर जो सूर आला असता तो. त्याहून किंचित चढा."

ती संध्याकाळी ऑफिसातून थेट गेली, आवाज मोजायचं यंत्र घेऊन. बूट काढले, संगणकापाशी गेली, पूर्ण भाराचा प्रोग्राम सुरू केला, दहा मिनिटं थांबली आणि ऐकू लागली. काही नव्हतं. यंत्रालाही काही ऐकू आलं नाही.

"आता नाही वाजत," मामा म्हणाले.

दोन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा यंत्र, पुन्हा प्रोग्राम, पुन्हा शांतता.

"तू आलीस की यांना बरं वाटतं," मामी म्हणाल्या. "रोजच येत जा. कानाच्या डॉक्टरपेक्षा बरी, वर जेवून जातेस."

"थट्टा नको करूस," मामा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात चिडचिड नव्हती, आणि हे भाचीला आवडलं नाही. मामा चिडत तेव्हा त्यांना स्वतःची खात्री असे. "कानात असेल. एक होता, आता दोन झाले. डॉक्टर म्हणालेच होते, वाढू शकतं."

"मामा, कॅसेटींचं काय?"

"पंचवीस-तीस ऐकल्या. कशातही तोच सूर मागे उभा असतो. मला सांगता येत नाही, पियानोत काय आहे आणि माझ्यात काय आहे. हे सांगता येत नसेल तर माणसाने लोकांच्या पियानोला हात लावू नये."

जिना उतरताना सातव्या पायरीवर तिचा पाय नेहमीप्रमाणे अडखळला.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी मामींनी तिला ऑफिसात फोन केला. त्या कधी ऑफिसात फोन करत नसत.

"यांनी ती गुंडाळी खाली काढलीय. चावीला तेल लावतायत. शाळेला द्यायची तर गंजलेली कशी द्यायची, म्हणे. मी काही बोलले नाही. तू ये."

ती गेली तेव्हा खोलीत ऊन होतं. टेबलावर जुना पंचा अंथरून त्यावर हत्यारं मांडली होती: खुंट्या फिरवायची चावी, तासलेल्या लाकडी पाचरी, तारा दाबून धरायच्या जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या, ट्यूनिंग फोर्क. मामा चावीची मूठ कापडाने पुसत होते. संगणक चालू होता. त्याच्यावर नुसती कॅसेटींची यादी उघडी होती. ती आज यंत्र घेऊन आली नव्हती. ती खुर्चीत बसली. मामींनी चहा आणून ठेवला.

अर्धा कप झाल्यावर तिने विचारलं, "आत्ता वाजतोय?"

"हो."

"कधीपासून?"

"तू आलीस तेव्हा वाजत होता, अजून वाजतोय. आज पाहुण्यांना लाजला नाही."

ती उठली. सवयीने तिचा हात माउसकडे गेला. प्रोग्राम सुरू करायचा, दहा मिनिटं थांबायचं, ऐकायचं.

"हं," मामा मान वर न करता म्हणाले. "लाव हात. हात लावलास की पळेल."

तिचा हात तिथेच थांबला. मग तिने तो मागे घेतला, जणू माउस तापलेला होता.

तीन वेळा, प्रयोगशाळेत एकदा आणि इथे दोनदा, तिने यंत्राला आधी कामाला जुंपलं होतं आणि मग ऐकलं होतं. यंत्र काही करत नसताना ते काय करतं, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि मामांच्या खोलीत ते दिवसातले तेवीस तास काही करत नसे.

ती गुडघ्यांवर बसली, फडताळ आणि भिंत यांच्या मधल्या फटीत डोकं घातलं आणि अडॅप्टरला जवळजवळ कान लावला. आधी स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग, त्याच्या पलीकडे, खूप लांबच्या डासासारखं काहीतरी.

"आहे," ती फटीतूनच म्हणाली. "मामा, आहे. वाजतोय."

"केसांना जळमट लागलंय तुझ्या."

"लागू दे. वाजतोय!"

ती बाहेर आली तेव्हा मामींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या केरसुणी कुठे ठेवली ते शोधायचं निमित्त करत होत्या. मामा मात्र चावी पुसतच होते.

"तू कान टेकवलास तेव्हा तुला ऐकू आला," ते म्हणाले. "मी इथे बसतो, दहा फुटांवर. इथून मला तोच ऐकू येतो की माझा मला, हे कुठे सिद्ध झालं? शिवाय तू माझी भाची आहेस. माझं मन राखायला म्हणशीलही."

"मी आजपर्यंत कोणाचं मन राखलंय?"

"तेही खरं." त्यांनी चावी खाली ठेवली. "तुझ्या प्रयोगशाळेत एखादं यंत्र येतं. ते खरं बोलतं का, हे तू कसं ठरवतेस?"

"खरं उत्तर मला माहीत असतं, त्याला नसतं. मग त्याला विचारते. पुष्कळ वेळा."

"मग मला विचार," मामा म्हणाले.

गुरुवारी तिने रजा टाकली. सकाळी दुकानातून तसाच दुसरा अडॅप्टर मागून घेतला. पहिला नग सदोष आहे की जातच तशी आहे, हे तिला पाहायचं होतं. प्रयोगशाळेतून परवानगीने दोन रोधक आणले, म्हणजे अडॅप्टरवर हवा तेवढा भार टाकणारी साधी, तापणारी उपकरणं. पहिला अडॅप्टर फडताळामागे होता तिथेच ठेवला. त्याची वायर लांबवून स्वयंपाकघरात नेली आणि तिथे स्टुलावर एक बटण बसवलं. बटण वर असलं की भार अगदी कमी, खाली केलं की पुष्कळ. पहिल्या स्थितीत शिट्टी, दुसऱ्या स्थितीत शांतता. वर की खाली, हे नाणं ठरवणार होतं. मामा आपल्या खुर्चीत, तिच्याकडे पाठ करून. मामी मधल्या दारात वही घेऊन.

"मी काय लिहायचं?"

"मी नंबर सांगेन. मामा 'आहे' म्हणाले तर टिंब, 'नाही' म्हणाले तर फुली."

"आणि 'माहीत नाही' म्हणाले तर?"

"लग्नाच्या बेचाळीस वर्षांत कधी म्हणालेत का?"

मामींनी विचार केला. "टिंब आणि फुली पुरे," त्या म्हणाल्या.

सोळा वेळा नाणं उडालं. प्रत्येक वेळी मामा थोडा वेळ घेत, डोकं किंचित डावीकडे कलतं करत, आणि सांगत. मधे एकदा कुकरमधून वाफ सुटल्यासारखा सुस्कारा मामींनी सोडला, तेव्हा मामांनी तो नंबर पुन्हा घ्यायला लावला. भाची स्वयंपाकघरात स्वतःच्या कागदावर खुणा करत होती आणि चेहरा कोरा ठेवत होती, जरी तो कोणाला दिसत नव्हता.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. पंधरा जुळले होते.

"अकरावा चुकलाय," ती म्हणाली.

"अकराव्याला तुझं स्टूल करकरलं," मामा म्हणाले.

"करकरलं असेल. तरी चुकलाय."

"चुकला तर चुकला. लिही." मग थोड्या वेळाने, "सोळात पंधरा म्हणजे तुमच्यात काय म्हणतात?"

"नुसत्या अंदाजाने कोणी सांगत असेल तर एवढं चार हजारांत एखाद्या वेळी जमतं."

"म्हणजे दाखला देशील?"

"या सुरापुरता. बाकीच्या कानाबद्दल मी काही म्हणत नाही."

"राखलंस मन," मामी म्हणाल्या. पण त्यांनी वहीतलं ते पान फाडून, घडी करून, चष्म्याच्या पेटीत ठेवलं.

मामी चहाला आत गेल्या आणि भाचीने दुसरा अडॅप्टर लावला. पहिला काढला नाही, फक्त दुसऱ्यावरही तेवढाच कमी भार दिला. मामांना तिने काही सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर येते तो मामा खुर्चीतून उठलेले, खोलीच्या मध्यावर उभे.

"आता दोन आहेत," ते म्हणाले.

"कशावरून?"

"हेलकावा येतोय. सेकंदाला तीन. थांब, अडीच. सरकतोय."

हेलकावा हा मामांचा धंद्यातला शब्द होता, आणि तिला तो पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाआधी माहीत झाला होता. दोन तारा अगदी एका सुरात नसल्या, थोड्याशाच इकडेतिकडे असल्या, तर आवाज सपाट राहत नाही. तो फुगतो आणि विरतो, फुगतो आणि विरतो. चावी फिरवत जाऊन ते फुगणं मंद करत न्यायचं, ते थांबलं की तारा जुळल्या. मामा सूर ऐकत नसत, हेलकावे ऐकत. एक्केचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

तिने माइक लावून पडद्यावर पाहिलं. दोन बारीक रेषा, पाच हजार दोनशे नव्वदच्या आसपास, एकीपासून दुसरी तीनेक कंपनांच्या अंतरावर, दोन्ही किंचित थरथरणाऱ्या. मामांनी फोनवर सांगितलेल्या सुराला आकडा लावला तर पाच हजार दोनशे चौऱ्याहत्तर येतो. किंचित चढा, तेही ते म्हणाले होते.

"आहेत दोन," ती म्हणाली. "नग सदोष नाही, जातच अशी आहे. मी मोठा घेतला म्हणून झालं. मोठ्या पळीने थेंबथेंब वाढायला सांगितल्यासारखं आहे ते. त्याला सलग एवढं कमी देता येत नाही, म्हणून तो देतो, थांबतो, देतो, थांबतो. ते थांबणंच वाजतं."

"म्हणजे तुझी चूक."

"हो."

"मग असं स्पष्ट सांग की. मी दोन आठवडे स्वतःला बहिरा समजतोय."

शुक्रवारी सकाळी दुकानात दोघे गेले. संगणक पिशवीत होता. दुकानदाराने नव्वद वॅटचे तीन अडॅप्टर काढले आणि भाचीकडे पाहून काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तेव्हाच म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"मी आत्ता तर काही बोललोच नाही, ताई."

"बोलणार होतात."

मामांनी संगणक प्रत्येक अडॅप्टरवर नुसताच चालू करून ठेवायला सांगितला, कोणीही हात लावायचा नाही, आणि डोळे मिटून काउंटरवर वाकले. पहिल्याला म्हणाले, "हा फुरफुरतो." दुसऱ्यापाशी बराच वेळ थांबले. बाहेर एक ट्रक उभा होता. तो जाईपर्यंत त्यांनी कोणाला बोलू दिलं नाही. मग तिसरा, मग पुन्हा दुसरा.

"हा द्या."

"काका, माल बघून घेणारे पाहिलेत, दाबून घेणारेही पाहिलेत," दुकानदार म्हणाला. "ऐकून घेणारे तुम्हीच."

"इतके दिवस काय विकत होतात मग?" मामा म्हणाले.

घरी येऊन तिने तो जोडला, फडताळामागे ढकलला आणि माउसला हात न लावता खुर्चीत बसली. दुपारचे दोन वाजत होते. बाईंना पाचच्या आत कळवायचं होतं. मामा त्यांच्या जागी बसले. संगणक चालू होता आणि खोलीत काही वाजत नव्हतं. फटीत डोकं घालूनही नाही, हे तिने आधीच पाहिलं होतं.

पाचेक मिनिटांनी मामा म्हणाले, "आहे अजून."

"तोच?"

"तो गेला. हा पहिला. माझा." त्यांनी कानाकडे बोट केलं. "मला वाटलं होतं, कोण जाणे, याच्याबरोबर तोही जाईल. त्याच्याही बराच वर आहे हा, अर्धं सप्तक तरी."

मामी दारात आल्या होत्या. टेबलावर हत्यारं अजून पंच्यावर मांडलेली होती, तेल लावून, द्यायला तयार.

"मोजपट्टी," मामा म्हणाले, "तुझ्या यंत्राला शिट्टी मारता येते का? मी सांगेन तो सूर?"

"येते."

तिने स्पीकर लावला आणि पडद्यावर एक आकडा टाकला. मामा हाताने वर-वर खुणावत गेले. सात हजार. सात हजार पाचशे. आठच्या अलीकडे त्यांनी तळहात आडवा केला.

"थोडा खाली. थांब. हाच. आवाज कमी कर, माझ्याएवढा. आता दोन-तीनने हलव."

तिने तीनने वाढवला. दोन सूर, तीन कंपनांचं अंतर. कालच्या दोन अडॅप्टरांसारखं.

"हेलकावा?" तिने विचारलं.

मामांनी नकारार्थी मान हलवली. "चारने."

तिने चारने केला. मग दोनने, मग एकाने, मग उलट्या दिशेने.

"नाही," मामा म्हणाले. ते आता पुढे वाकून बसले होते आणि चेहऱ्यावर दुकानातला भाव होता. "मुळीच नाही. तुझा तुझ्या जागी, माझा माझ्या जागी. एकमेकांना ओळखही देत नाहीत. मग तो पियानोच्या तारेशी तरी काय हेलकावणार?"

"नाही हेलकावणार. तो हवेत नाहीच."

"तारांच्या हेलकाव्यात हा मिसळत नाही. म्हणजे कामाच्या आड येत नाही. नुसता बसलेला असतो, सभेत मागे कोणी बसावं तसा." "कॅसेटींत जो मागे उभा होता तो हा नव्हताच. तो तुझा एकशे साठ वॅटवाला होता."

"हो."

"वर्षभर मी याला भीत होतो."

तिने शिट्टी बंद केली. मामांनी एक कॅसेट काढली, बरीच मागची, एका सभागृहातल्या पियानोची, आणि सुरात लावण्याआधीचा भाग लावला. मधल्या सप्तकातला एक स्वर वाजला, लांबला.

"ऐक," ते म्हणाले. "उजवीकडची तार. एक… दोन… एक… दोन." ते बोटाने मांडीवर ठेका धरत होते. तिला त्यातलं निम्मं ऐकू आलं. मामींना बहुधा काहीच नाही, पण त्या बोटाकडे पाहत होत्या.

पावणेचारला मामांनी शाळेला फोन लावला.

"हो, येतो. उद्या सकाळी आठला. सातही लावतो, पण मोठ्या हॉलमधला आधी, कान ताजे असताना… नाही, मदतनीस नको. एक करा. प्रत्येक खोलीतले अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा. फोनचे, दिव्यांचे, जे काय असेल ते… नाही बाई, विजेची भीती नाही. ते गातात." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मामांनी फोन कानापासून दूर धरला आणि भाचीकडे पाहिलं. "बाई विचारतायत, सगळेच गातात का?"

"रिकामे बसलेले," ती म्हणाली. "तेही सगळे नाही."

"माझी भाची म्हणते सगळे नाही," मामा फोनमध्ये म्हणाले. "ती मोजते. पण तुम्ही सगळेच काढा."

मामींनी पंचा ओढून घेतला, चावीवरचं जास्तीचं तेल त्याच्या कोपऱ्याने पुसलं आणि हत्यारं गुंडाळीत एकेक करून खोचू लागल्या. ट्यूनिंग फोर्कच्या जागी त्यांनी पाचर घातली आणि पाचरींच्या जागी फोर्क. मामांनी सगळं काढून पुन्हा लावलं.